एका रोपाचे चार सेंट: केनियाच्या ग्रीन बेल्ट चळवळीचा जमाखर्च

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केनियातल्या एका वृक्षलागवडीच्या कामाला सव्वा लाख डॉलरच्या आतबाहेर अनुदान मिळालं. ते संयुक्त राष्ट्रांनी महिला दशकासाठी उभारलेल्या स्वेच्छा निधीतून आलं होतं. काम चालवत होत्या वंगारी माथाई. योजना अशी: बायकांनी आपापल्या गावात रोपं तयार करायची, लावायची, आणि रोप जगलं तर रोपामागे अमेरिकी चार सेंटांइतकी रक्कम घ्यायची. म्हणजे एका डॉलरला पंचवीस जिवंत रोपं.

पुढच्या दहा वर्षांत याच कामातून राष्ट्राध्यक्षांनाही झोंबणारा लढा उभा राहिला आणि नैरोबीच्या ऐन मध्यात असलेली सार्वजनिक बाग वाचली. या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण माथाईंच्या धाडसावर लिहितात, आणि ते रास्तच आहे. मला इथे त्या धाडसाखालचा जमाखर्च मांडायचा आहे. पैसा कशासाठी दिला गेला, कुणाच्या हातात पोचला, आणि ज्या लढ्यासाठी तो कुणी दिलाच नव्हता त्या लढ्यात त्याचा काय उपयोग झाला, हे पाहिल्याशिवाय लहान अनुदानांबद्दल बोलणं पोकळ राहतं असं माझं मत आहे.

गाळाच्या नद्या आणि सरपण

माथाईंचा जन्म १९४० सालचा, मध्य केनियाच्या डोंगराळ न्येरी भागातल्या इहिथे गावचा. अमेरिकेत जीवशास्त्र शिकून त्या मायदेशी परतल्या आणि १९७१ साली नैरोबीत त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. विषय होता जनावरांची शरीररचना. गुरांना ईस्ट कोस्ट फीव्हर हा आजार गोचिडांमुळे होतो, त्यावर संशोधन करताना त्या खेड्यापाड्यांत गोचीड गोळा करत फिरायच्या. तिथे त्यांना गोचिडांहून मोठं दुखणं दिसलं. पाऊस पडला की नद्या मातीच्या रंगाच्या होऊन वाहायच्या. गुरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. डोंगरउतारांवर जिथे पूर्वी जंगल होतं तिथे चहा-कॉफीचे मळे आणि इमारती लाकडाची लागवड झाली होती.

त्यांच्या लहानपणच्या घराजवळ अंजिराच्या कुळातलं एक प्रचंड झाड होतं. किकुयू समाजात ते देवाचं मानतात, त्याच्या वाळक्या काटक्यासुद्धा सरपणाला उचलायच्या नाहीत अशी आईची सक्त ताकीद होती. त्या झाडापाशीच एक झरा होता. परदेशातून परतल्यावर त्यांना कळलं की जमिनीच्या नव्या मालकाने चहा लावायला ते झाड पाडलं, आणि झराही आटला. झाडाची मुळं खडकात खोल जातात, पाणी मुरायला आणि वर यायला वाट देतात, हे विज्ञान त्यांना ठाऊक होतं. श्रद्धेने जे राखलं होतं त्यामागचं कारण त्यांना आता स्वतःच्या शास्त्रातून समजत होतं.

केनियाच्या राष्ट्रीय महिला परिषदेत त्या काम करू लागल्या तेव्हा खेड्यातल्या बायकांच्या तक्रारी त्यांच्या कानावर आल्या. सरपण मिळत नाही, पिण्याचं पाणी स्वच्छ नाही, पोरांना पोटभर सकस अन्न नाही, हातात पैसा नाही. मध्य केनियाची जमीन सुपीक, तरी तिथल्या मुलांत कुपोषण होतं. नगदी पिकांनी घरच्या धान्य-कंदांची जागा घेतली होती. त्यात लाकूडफाटा मिळेना, म्हणून बायका पटकन शिजणारं, पण कसहीन पिठाचं अन्न रांधत होत्या. सरपण, पाणी, माती आणि ताटातलं अन्न या एकाच साखळीच्या कड्या आहेत हे माथाईंनी ओळखलं आणि झाडं लावायची ठरवलं. एवढ्या मोठ्या दुखण्यावर हा उपाय फार साधा वाटतो. पण तो बायकांना स्वतःच्या हातांनी, परवानगीची वाट न पाहता, उद्यापासून सुरू करता येण्यासारखा होता.

पहिला प्रयत्न फसला

हे काम पहिल्या फटक्यात जमलं नाही. माथाईंचे पती राजकारणात होते. १९७४च्या निवडणुकीत त्यांनी मतदारांना रोजगाराचं आश्वासन दिलं होतं. निवडून आल्यावर त्या आश्वासनाची चिंता बाईंनीच घेतली आणि एन्व्हायरोकेअर नावाची छोटी कंपनी काढली. बेरोजगारांनी सधन लोकांच्या बागा राखायच्या, झाडं लावायची, अशी कल्पना होती. सरकारी रोपवाटिकेतून हजारो रोपं आणली. पण मजुरी आगाऊ द्यायला भांडवल नव्हतं, आणि पाण्याची टंचाई आली तेव्हा रोपांना घालायला पाणी नव्हतं. १९७६ साली त्या व्हँकुव्हरला मानवी वसाहतींवरच्या संयुक्त राष्ट्र परिषदेला गेल्या. परतल्या तोवर घरी ठेवलेली बहुतेक रोपं वाळून गेली होती.

या अपयशाची कारणं नीट पाहण्यासारखी आहेत. रोपं फुकट मिळाली होती, तरी काम बुडालं. रोप मिळवणं हा सगळ्यात स्वस्त भाग असतो. त्याला रोज पाणी कोण घालणार, त्या माणसाच्या चुलीचं काय, हा खर्च कुणी धरलाच नव्हता. दुसरं म्हणजे, ज्यांनी झाडं लावायची त्यांना झाडांची गरज नव्हती. त्यांना मजुरी हवी होती. ज्या बागांत झाडं लावायची त्या दुसऱ्यांच्या होत्या.

दुसऱ्या वेळी माथाईंनी हे काम महिला परिषदेच्या छत्राखाली नेलं. ५ जून १९७७ला, जागतिक पर्यावरण दिनी, नैरोबीत मिरवणूक निघाली आणि कामुकुंजी मैदानात सात झाडं लावली गेली. सुरुवातीला या कामाचं नाव 'सेव्ह द लँड हरांबे' होतं; स्वाहिलीत हरांबे म्हणजे सगळ्यांनी मिळून जोर लावणं. त्या सातांपैकीही मोजकीच जगली. समारंभात लावलेल्या झाडांचं हे नेहमीचंच आहे. फोटो निघतो, माणसं पांगतात आणि उन्हाळ्यात त्या जागी फक्त आळं उरतं.

पदवीविना वनपाल

गावोगाव बायकांचे गट तयार होऊ लागले आणि रोपांची मागणी वाढली. सरकारच्या वन खात्याने आधी हवी तेवढी रोपं फुकट न्या म्हणून सांगितलं होतं. बायका इतकी नेतील याची कल्पना तिथे कुणाला नव्हती. वर्षभराच्या आतच रोपांचे पैसे भरावे लागतील असा निरोप आला. शिवाय सरकारी रोपवाटिका दूर. तिथून डोक्यावर, गाडीवर रोपं आणेपर्यंत बरीच मरायची.

म्हणून बायकांनी स्वतःच रोपवाटिका कराव्यात असं ठरलं. वनाधिकारी शिकवायला आले आणि जमिनीचा उतार, बियाण्याची प्रक्रिया, वाफ्याची मापं यावर बोलू लागले. बायकांच्या डोक्यावरून ते सगळं गेलं. माथाईंनी त्यांना एवढंच सुचवलं की मका आणि घेवडा पेरताना जे करता तेच करा, बी नीट दिसलं की ते उगवेल. बायकांनी रानातून, बांधावरून स्थानिक झाडांचं बी गोळा केलं. फुटक्या मडक्यांत माती भरून त्यात ते रुजवलं, आणि कोंबड्या-शेळ्यांनी शेंडे खुडू नयेत म्हणून ती मडकी उंचावर ठेवली. कोणतं बी केव्हा पिकतं, कोणतं आधी भिजवावं लागतं, कोणत्या रोपाला सावली हवी हे त्या करता करता शिकल्या आणि एकमेकींना दाखवत गेल्या. चळवळीत त्यांना पदवीविना वनपाल म्हणू लागले.

या टप्प्यावर पैसा जवळजवळ लागला नाही. मडकी घरची, बी रानातलं, माती आवारातली. ज्या कामाला आधीपासूनच माणसांचे हात लागलेले असतात त्याच कामात लहान अनुदान मुरतं. पैसा आला म्हणून गट जमवला, असं झालं की पैसा संपताच गट विरतो. इथे क्रम उलटा होता.

चार सेंटांची रचना

आता त्या चार सेंटांकडे वळू. गटाने रोपं वाढवायची. मग गावात सांगायचं, कुणाला हवीत. ज्याला हवीत त्याने आधी खड्डे खणायचे, आणि खड्डे खरोखर नीट खणले आहेत का हे गटातल्या बाईने जाऊन पाहायचं. त्यानंतर रोपं फुकट द्यायची. शाळेत, चर्चच्या आवारात, शेताच्या बांधावर किमान हजार झाडांची रांग व्हावी, त्यातून हिरवा पट्टा तयार व्हावा हा हेतू. ग्रीन बेल्ट हे नाव त्यावरूनच पडलं. लावणी झाल्यावर काही महिन्यांनी परत जाऊन मोजायचं. जगलेल्या रोपांचा आकडा कळवायचा. कार्यालयाने तो पडताळायचा. त्यानंतरच पैसे गटाकडे.

या रचनेत पैसा बियाण्याला नाही, लावणीला नाही, जगण्याला आहे. वनीकरणाचे सरकारी आकडे कुणी जवळून पाहिले असतील तर त्याला यातला फरक लगेच कळेल. खड्ड्यांचा आकडा असतो, रोपांचा असतो, लावणीच्या दिवसाचा असतो. जिवंत रोपांची टक्केवारी मात्र विचारावी लागते. ग्रीन बेल्टमध्ये ती विचारायची गरजच नव्हती, कारण तिच्यावरच हिशोब उभा होता. मेलेल्या रोपाचे पैसे नाहीत म्हटल्यावर रोप शेळीपासून वाचवणं हे पाहुण्या अधिकाऱ्याचं काम उरत नाही, ते शेजारणीचं होतं.

चार सेंट म्हणजे मजुरी नव्हेच. ही रक्कम तेव्हाही क्षुल्लकच होती. पण शंभर रोपांचे चार डॉलर, हजारांचे चाळीस, आणि ते गटाच्या नावावर, बायकांच्या हातात. ज्या घरांत चहा-कॉफीचे पैसे पुरुषाच्या नावाने यायचे, तिथे हा पैसा फार वेगळा होता. गणित करून पाहा: सव्वा लाख डॉलर पूर्णपणे याच कामाला लावले असते तर तीस लाखांहून जास्त जिवंत रोपांचे पैसे देता आले असते. तसं झालं नाही, आणि व्हायलाही नको होतं. कारण त्याच निधीतून देखरेखीला माणसं नेमली गेली. नोंदी ठेवायला लिहिता-वाचता येणारं कुणीतरी हवं होतं आणि बऱ्याच बायकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यांच्या शिकलेल्या नवऱ्यांना आणि मुलांना या कामात घेऊन थोडं मानधन देण्यात आलं. घरातल्या बाईने वाढवलेली रोपं नवऱ्याने वहीत मोजायची, ही गोष्ट त्या वेळच्या खेड्यात लहान नव्हती.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. पैसा जगण्याशी जोडला की पहिल्या काही महिन्यांत झाड जपलं जातं. पाचव्या वर्षी ते कुणी तोडलं तर हिशोबाला कळत नाही. रोपामागे पैसे मिळतात म्हटल्यावर लवकर वाढणाऱ्या परदेशी जातींचा मोह होतो, कारण त्या जगतात आणि सरपणालाही लवकर येतात. चळवळीने पुढे स्थानिक जातींचा आग्रह धरला तो यामुळेच. आणि एकदा मोबदल्याची सवय लागली की मोबदल्याशिवाय झाड लावायला कोण येणार, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते त्याचं उत्तर मोबदल्याच्या आकड्यात नव्हतं, ते गटांच्या बैठकांत होतं. त्याकडे पुढे येते.

पगार कुणाचा

मधल्या काळात माथाईंचं स्वतःचं आयुष्य उन्मळून पडलं होतं. पतीशी घटस्फोट झाला. १९८२ साली पोटनिवडणूक लढवण्यासाठी त्यांनी विद्यापीठातल्या नोकरीचा राजीनामा दिला, कारण कायदाच तसा होता. मतदार नोंदणीच्या एका तांत्रिक मुद्द्यावर त्यांची उमेदवारी बाद ठरली. परत विद्यापीठात गेल्या तर जागा भरली गेली होती. विद्यापीठाचं घरही सोडावं लागलं. विभागप्रमुख राहिलेली बाई, पदरी तीन मुलं, आणि ना नोकरी ना घर.

त्याच सुमारास नॉर्वेच्या वनसंस्थेचे कार्यकारी संचालक विल्हेल्म एल्सरुड नैरोबीत आले. त्यांच्या संस्थेला केनियात भागीदार हवा होता. त्यांनी माथाईंना चळवळीच्या समन्वयक होण्याची गळ घातली आणि त्यासाठी मानधन देऊ केलं. आजवर ज्या कामाला त्या नोकरी सांभाळून उरलेला वेळ देत होत्या, ते काम आता पूर्णवेळ झालं.

मला या प्रकरणातला हा भाग सर्वात मोलाचा वाटतो, आणि तोच सर्वात कमी सांगितला जातो. अनुदान देणाऱ्यांना रोपांवर खर्च करायला आवडतं. समन्वयकाचा पगार, कारकुनाचं मानधन, जागेचं भाडं, प्रवासखर्च यांना 'प्रशासकीय खर्च' म्हणून हात आखडता घेतला जातो. लोकांच्या संघटनेत प्रशासन म्हणजे काय? गावोगाव जाऊन वही तपासणारं, तंटा मिटवणारं, पैसे वेळेवर पोचवणारं माणूस. ते उपाशी राहिलं तर बाकी सगळा पैसा वाळूत जातो. नॉर्वेच्या संस्थेने नेमका तो खर्च उचलला. संयुक्त राष्ट्रांच्या निधीने रोपं आणि देखरेख सांभाळली, नॉर्वेकरांनी मुख्य माणूस सांभाळला. दोन्ही एकत्र आले म्हणून काम वाढलं.

१९८५ला नैरोबीत तिसरी जागतिक महिला परिषद भरली. माथाईंनी पाहुण्यांना रोपवाटिकांत नेलं, झाडं लावायला लावली, आणि मदत करणाऱ्यांचं वर्तुळ वाढलं. १९८६पासून इतर आफ्रिकी देशांतले कार्यकर्तेही शिकायला येऊ लागले. १९८७ साली ग्रीन बेल्ट महिला परिषदेपासून वेगळी होऊन स्वतंत्र संस्था झाली.

उहुरू पार्क

१९८९च्या शरद ऋतूत माथाईंना बातमी कळली की नैरोबीच्या मध्यभागी असलेल्या उहुरू पार्कमध्ये साठ मजली टॉवर होणार आहे. सत्ताधारी कानू पक्षाशी जोडलेल्या वृत्तपत्र संस्थेचं ते मुख्यालय असणार होतं. आफ्रिकेतली सर्वात उंच इमारत, सोबत राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांचा भव्य पुतळा, सभागृहं, दुकानं, मोटारी ठेवायला प्रचंड जागा. अंदाजे खर्च २० कोटी डॉलर, त्यातला मोठा वाटा परदेशी कर्जाचा. ब्रिटिश माध्यमसम्राट रॉबर्ट मॅक्सवेल त्यात भागीदार होते. नैरोबीतल्या साध्या माणसाला रविवारी पोरांना घेऊन, एक पैसा न देता, हिरवळीवर बसता येईल अशी ती जागा. तलाव होता, वाटा होत्या, सावली होती.

त्या वेळच्या केनियाची कल्पना करून घ्यायला हवी. १९८२ पासून देश कायद्यानेच एकपक्षीय होता. नऊपेक्षा जास्त माणसांना एकत्र जमायचं तर परवाना लागे, हा इंग्रजांच्या राज्यातला नियम तसाच चालू होता. सरकारला विरोध करायचा तर कुठे उभं राहून करायचा हाच प्रश्न होता.

माथाईंनी ३ ऑक्टोबर १९८९ला पत्र लिहिलं. आधी वृत्तपत्राच्या व्यवस्थापकीय संचालकांना. मग राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाला, नैरोबीच्या नगर आयोगाला, पर्यावरण मंत्रालयाला, संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाला, ब्रिटिश उच्चायुक्तांना. लंडनचं हाइड पार्क किंवा न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क कुणी असं खोदू देईल का, हा त्यांचा सवाल होता. पत्रांच्या प्रती त्या वर्तमानपत्रांनाही देत गेल्या. उत्तरं आली नाहीत, पण बातम्या आल्या, आणि वाचकांचीही पत्रं संपादकांकडे येऊ लागली. लोकांना बोलायला निमित्त हवं होतं, ते मिळालं.

८ नोव्हेंबरला संसदेत हा विषय निघाला. खासदारांनी टॉवरवर नाही, माथाईंवर चर्चा केली. घटस्फोटित बायकांच्या टोळक्याचं सरकारने का ऐकावं, असा सूर लागला. ग्रीन बेल्ट ही बोगस संघटना आहे असंही म्हटलं गेलं. पुढच्याच आठवड्यात भूमिपूजन झालं. माथाई उच्च न्यायालयात गेल्या. डिसेंबरमध्ये अर्ज फेटाळला गेला, कारण त्यांना दाद मागण्याचा अधिकारच नाही असं ठरलं. सार्वजनिक बागेवर सर्वसामान्य नागरिकाचा हक्क नाही, तर मग कुणाचा? १२ डिसेंबरला, केनियाच्या स्वातंत्र्याच्या वर्धापनदिनी, मोई त्याच बागेत भाषणाला उभे राहिले. टॉवरला विरोध करणाऱ्यांच्या डोक्यात किडे आहेत असं ते म्हणाले, आणि आफ्रिकी परंपरेत बाईने पुरुषांचा मान राखून गप्प राहावं असंही त्यांनी सुनावलं.

मग संस्थेवर घाव आला. ग्रीन बेल्टचं कार्यालय इतकी वर्षं सरकारी जागेत होतं. ती चोवीस तासांत रिकामी करायचा हुकूम निघाला. शहरात दुसरी जागा भाड्याने द्यायला कुणी धजेना. शेवटी सगळे कर्मचारी, फायली, रोपांच्या नोंदवह्या माथाईंच्या साउथ सी भागातल्या छोट्या घरात आल्या आणि काम तिथूनच सुरू राहिलं. संस्थेच्या हिशोबांची तपासणीही झाली.

इथे चार सेंटांच्या वह्या उपयोगी पडल्या. दर गटाचा, दर रोपाचा हिशोब लिहिलेला होता. ज्या सरकारला संस्था बंद पाडायला एक चूक पुरली असती, त्याला ती वह्यांत सापडली नाही. लहान पैशाचा काटेकोर हिशोब ठेवणं हे देणगीदाराचं समाधान म्हणून सांगितलं जातं. इथे ते संरक्षण ठरलं.

इकडे बातमी परदेशी वृत्तपत्रांत पोचली होती. केनियाला मदत देणारे देश विचारू लागले, की मदत मागणारं सरकार टॉवरसाठी कर्ज कसं काढतं? १९९०च्या सुरुवातीला टॉवरचे मजले कमी करत असल्याचं सरकारने जाहीर केलं. पुढे तो उभा राहिलाच नाही. फेब्रुवारी १९९२मध्ये बांधकामासाठी बागेत घातलेलं कुंपण काढलं गेलं.

टपालतिकिटांवरचा लढा?

या लढ्याचा रोख खर्च काय होता? कागद, टंकलेखन, टपाल, फोन, वकिलाकडच्या फेऱ्या. त्यावरून कुणी म्हणेल की चळवळीला पैसा लागतच नाही, हिंमत लागते. मला हा निष्कर्ष पटत नाही, आणि तो घातक आहे असं मला वाटतं. माथाई एकट्या प्राध्यापक असत्या तर पहिल्या पत्रानंतर त्यांचं काय झालं असतं? त्यांच्या मागे हजारो बायकांच्या रोपवाटिका होत्या, परदेशात त्यांना ओळखणाऱ्या संस्था होत्या, नाव होतं. हे सगळं १९८९मध्ये एकाएकी उगवलेलं नव्हतं. ते दहा-बारा वर्षं रोपागणिक थोड्या थोड्या पैशाने बांधलं गेलं होतं.

आणि बैठकांत बांधलं गेलं होतं. ग्रीन बेल्टच्या शिबिरांत लोकांना आधी आपल्या अडचणी सांगायला लावत. लांबलचक यादी व्हायची. मग प्रत्येक अडचण कुठून आली हे विचारायचं. बहुतेक बोटं सरकारकडे जायची. त्यावर माथाई चुकीच्या बसचं उदाहरण द्यायच्या. माणूस भलत्याच बसमध्ये बसला तर का बसला? विचारलं नाही म्हणून, कुणी चुकीचं सांगितलं म्हणून, की भीती वाटली म्हणून? लोक हसत हसत कारणं सांगायचे आणि मग गप्प व्हायचे. आपल्या डोंगरावरची माती वाहून जाते त्यात सरकारचा हात किती, आपला किती, हा हिशोब तिथे सुरू व्हायचा. रोपासाठी जमलेली बाई परवान्याशिवाय भरलेल्या सभेत बसल्यासारखी नव्हती. ती तर झाडं लावायला आली होती.

अनुदानाच्या अहवालात या बैठकांना जागा नसते. तिथे झाडांची संख्या असते. ती संख्या मोठी होती हे खरंच: २००४ला माथाईंना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला तेव्हा चळवळीच्या नावावर ३ कोटींच्या आसपास झाडं होती. पण केवळ झाडांच्या संख्येवर कुणी निधी देत राहिलं असतं तर उहुरू पार्क हा 'प्रकल्पाबाहेरचा विषय' ठरला असता. बागेत एकही नवं झाड लागलं नव्हतं.

नंतरच्या काळात लहान अनुदानांसाठी वेगळे निधी निघाले. जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या आंतरराष्ट्रीय निधीचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ साली सुरू झाला, ग्लोबल ग्रीनग्रँट्स फंड १९९३ साली. दुसऱ्याची पद्धत मला जास्त पटते. पैसा कुणाला द्यायचा हे त्या त्या भागात राहणारे, तिथली माणसं ओळखणारे सल्लागार सुचवतात. सुबक प्रस्ताव लिहिता न येणारा, पण गावात दहा वर्षं टिकून असलेला गट अशा माणसालाच दिसतो. फुटक्या मडक्यांतल्या रोपवाटिकेचा प्रस्ताव कार्यालयातल्या टेबलावर कितीसा उठून दिसला असता?

करुरा

उहुरू पार्कनंतर माथाईंवरचं संकट वाढत गेलं. १९९२मध्ये राजकीय कैद्यांच्या आयांसोबत त्या त्याच बागेच्या कोपऱ्यात उपोषणाला बसल्या आणि पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. १९९८ साली नैरोबीच्या उत्तरेकडचं करुरा जंगल खासगी बांधकामांना वाटलं जात असल्याचं उघड झालं. या वेळी हत्यार रोपांचंच होतं. जंगल साफ केलेल्या जागी जाऊन झाडं लावायची. सार्वजनिक जंगलात झाड लावणाऱ्याला अडवायचं तर अडवणाऱ्याने आपण कोण हे सांगायला हवं. ८ जानेवारी १९९९ला झाडं लावायला गेलेल्या माणसांवर भाडोत्री गुंडांनी हल्ला केला. माथाईंचं डोकं फुटलं. पोलीस ठाण्यात तक्रारीवर त्यांनी आपल्याच रक्ताने फुली मारली. नैरोबीत विद्यार्थी रस्त्यावर आले, संयुक्त राष्ट्रांचे महासचिव कोफी अन्नान यांनी निषेध केला. ऑगस्ट १९९९मध्ये मोई यांनी सार्वजनिक जमिनींच्या वाटपावर बंदी जाहीर केली.

त्या रोपांचा खर्चही चार सेंटांच्याच हिशोबातला होता. ज्या रोपवाटिका बायकांनी सरपणासाठी, बांधासाठी चालवल्या होत्या, त्यांच्याच जोरावर चळवळ जंगलाच्या फाटकापाशी जाऊ शकली. करुरा आज लोकांसाठी खुलं आहे. वन सेवेबरोबर आसपासच्या लोकांची संघटना ते सांभाळते आणि फिरायला येणारे तिकीट काढून आत जातात.